जी ओळ मला म्हणवेना

ज्या बाईला डॉक्टरनं पोटात गाठ आहे म्हणून सांगितलंय, आणि जी आता घरी येऊन चुलीपुढं बसली आहे, भाकरी करपली तरी जिला वास येत नाही, तिच्यासाठी हे लिहिते आहे. मी शाळेत गेलेली नाही. माझं अक्षर वाकडं आहे आणि ओळी उताराला लागतात. पण बोलायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमचे धनी म्हणतात, हिचं तोंड अडवायला धरणाची भिंत पुरायची नाही. तेव्हा बोलते तशीच लिहिणार. औषधांची नावं मला येत नाहीत आणि ती तुझ्या कामाचीही नाहीत. भीतीचं तेवढं सांगते. ती मला पाठ आहे.

पडवीतली उपासना

आमची वाडी मुळशीच्या खोऱ्यात, नदीपासून जरा वर. ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. पाळकसाहेब पुण्याहून यायचे, पण गाडीवाट आणि त्यांची तब्येत दोन्ही बरी असली तर. पावसाळ्यात तर त्यांचं तोंड दिसत नसे. मग रविवारची उपासना आमच्या पडवीत व्हायची आणि पुढं मी असायची.

आमची एक रीत होती. जात्यावर बसल्यावर एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं ती उचलायची, तसंच आम्ही प्रार्थनेलाही करत होतो. प्रभूनं शिष्यांना शिकवली ती प्रार्थना मी एकेक तुकडा करून म्हणायची आणि बाकीचे मागून म्हणायचे. जात्याचा घास आणि प्रार्थनेचा तुकडा, दोन्हींचा ठेका एकच. त्या ठेक्यात म्हणायला फार बरं वाटायचं. डोळे मिटायचे आणि जीभ सोडून द्यायची.

मी वाचायला शिकले तीही ह्याच प्रार्थनेवर. ती तोंडपाठ होतीच. पाळकसाहेबांच्या बायकोनं ती छापलेली मला दिली, तेव्हा मी एकेका शब्दाखाली बोट धरून म्हणत गेले. तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द एकमेकांना सापडत गेले. महिन्या-दोन महिन्यांत मला अक्षरं लागली. त्या प्रार्थनेतला प्रत्येक शब्द डोळ्यांना कसा दिसतो हे मला ठाऊक होतं. तो शब्द माझ्याकडून काय मागतो, हे विचारायची वेळ आली नव्हती.

पोट

माझं पोट वाढत होतं. नऊवारीत पुष्कळ काही झाकलं जातं, बाई. मी ते माझ्यापासूनसुद्धा झाकत होते. माझी थोरली जाऊ पारूबाई. त्यांचं घर देवादिकांचं, आम्ही ख्रिस्ती, पण आमच्या दोघींच्या चुली एका भिंतीला लागून. ती मला नदीवर म्हणाली,

"सारू, अगं या वयात दिवस गेलं का काय तुला? भावजींना इचारू का?"

"विचारा की! तेवढंच ते हसतील तरी."

आम्ही दोघी इतक्या हसलो की धुणं हातातून सुटलं. मग नाचणीच्या कापणीला मला वाकता येईना. बसले तर उठता येईना. पारूबाईनं विळा खाली ठेवला, माझ्या पोटावर हात ठेवला आणि दाबून बघितलं. ती हसली नाही.

"ह्ये दगडावानी लागतंय गं," ती म्हणाली.

संध्याकाळी ती तिच्या देवीच्या नवसाचं बोलायला आली. मी म्हटलं, आमच्यात नवस नसतो, वहिनी.

"मग त्याला देता तरी काय?"

"प्रार्थना करतो."

"नुसतं बोलायचं?"

मला राग आला. खरं तर तिचा नव्हे. पण ती उठून गेली, आणि मला वाटलं, बाई काही चुकीचं विचारत नव्हती.

सांगितलं तो दिवस

धन्यांनी बैलगाडी जोडली. आमचं खालचं शेत धरणात जायचं ठरल्यापासून ते धरणाच्या भिंतीवर दगड घडायला जात होते. त्या दिवशी खाडा केला. पौड गेलं, पिरंगुट गेलं, आणि एवढ्या वाटेत मी, जी कधी गप्प बसत नाही, ती एक शब्द बोलले नाही. धनी बैलांशीच बोलत होते.

पुण्यातला तो बायकांचा दवाखाना मिशनचा होता. डॉक्टरीणबाई गोरी. मराठी बोलायची ती छापल्यासारखी, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखी. तिनं मला पालथं-उताणं करून तपासलं, हात धुतले आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"तुमच्या उदरात मोठी गाठ आहे. ती कापून काढली पाहिजे."

धनी म्हणाले, "न्हाई काढली तर?"

"तर ती वाढेल. आणि मग फार दिवस नाहीत."

"अन् काढली तर जगंल का?"

"पुष्कळ बाया जगतात."

ते पुढचं विचारेनात. मग मीच विचारलं, "आणि बाकीच्या?"

ती बाई खोटं बोलली नाही. आजही मला तिचं ते फार मोठं वाटतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाकीच्यांसाठीही मी तितकेच कष्ट करते."

धनी तोंड फिरवून भिंतीकडं बघत होते. ती हळू आवाजात मला म्हणाली, "आपला नवरा रडत आहे काय?" मी म्हटलं, "न्हाई, दगडाची कच गेली असंल डोळ्यात." भिंतीवर दगड घडणाऱ्याला हे बोलणं शोभून गेलं. तिनंही मान डोलावली.

घरची सोय लावून आठवड्यानं परत या, असं ठरलं.

ती ओळ

घरी आलो त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही दोघंच प्रार्थनेला बसलो. रोजचीच प्रार्थना. मी ओळ टाकायची, धन्यांनी उचलायची. देवाला बाप म्हणून हाक मारली. त्याचं नाव पवित्र मानलं. त्याचं राज्य येऊ दे म्हटलं. आणि पुढच्या ओळीला माझी जीभ अडली.

त्या ओळीत आपण म्हणतो की वर स्वर्गात जशी तुझी इच्छा चालते, तशीच इथं खाली जमिनीवरही चालू दे.

इतकी वर्षं ती ओळ जात्यातल्या दाण्यासारखी गेली होती. त्या संध्याकाळी ती मला पहिल्यांदा ऐकू आली. तुझी इच्छा. म्हणजे तुझी इच्छा मी मरावं अशी असली, तर मरू दे, असंच मी म्हणायचं? आणि आमेन म्हणून भाकरी थापायला उठायचं?

आता मुळशीच्या बाईला 'इच्छा' म्हटल्यावर काय दिसतं ते सांगते. मोजणीची माणसं आली होती तेव्हा आमच्या खालच्या शेतात त्यांनी खुंट्या ठोकल्या. खुंटीला चुना लावलेला. इथपर्यंत पाणी येणार म्हणाले. पीक उभं होतं. पारूबाईनं त्यांना ताक दिलं आणि म्हणाली, "बाबा, खुंटी जरा खाली ठोका की." तो पोरसवदा माणूस ताक पिऊन म्हणाला, "बाई, आमच्या हातात काय नाही. वरच्यांची मर्जी." वरच्यांना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी आम्हाला पाहिलं नव्हतं. पण जमिनीवर चालली ती त्यांचीच इच्छा. आम्ही रडलो, भांडलो, काही जण तर त्या कामाआड जाऊन बसले आणि त्यांना पोलिसांनी धरून नेलं. खुंटी काही हलली नाही.

माझ्या मनातला देव त्या संध्याकाळी त्या वरच्यांच्या जागी जाऊन बसला. वरचा. न दिसणारा. हातात खुंटी.

मी थांबले. धनी वाट बघत होते. मग त्यांनीच पुढची ओळ धरली, रोजच्या भाकरीची. ओळ टाकायचं काम माझं, ते कधी पुढं होत नसत. मी त्यांच्या मागून म्हटलं. शेवटी आमेन झालं. मधली ओळ राहिली आहे हे दोघांनाही कळलं होतं. मी उठून पीठ मळायला घेतलं. पाणी जास्त पडलं.

पारूबाईनं आमच्या दोन शेळ्या तिच्या दावणीला नेल्या. रागावून गेली होती ना? तिनं येऊन नुसती दावी सोडली. दया अशीच असते कधीकधी.

दवाखान्यातले दिवस

लोखंडी खाट. पांढरी चादर, इतकी स्वच्छ की निजायला संकोच वाटावा. सकाळी फरशी पुसायची बाई यायची, तिच्या मागून औषधी पाण्याचा उग्र वास यायचा. मग सिस्टर तोंडात काचेची कांडी घालायची आणि तोंड मिटून बस म्हणायची. माझ्या आयुष्यात तेवढा वेळ मी रोज गप्प बसलेली तीच एक जागा. मग पेज. मग प्रार्थना. सिस्टर मधोमध उभी राहून म्हणायची आणि ज्यांना म्हणायची असे त्या बाया मागून म्हणायच्या. मी पण म्हणायची. ती ओळ आली की ओठ मिटून घ्यायची. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. माझ्या यायचं.

भीती कशी असते सांगू? ती सारखी बोंबलत नाही. आपण पेज पितो, शेजारणीच्या वेणीचं कौतुक करतो, आणि ती पदराला धरून मूल उभं असावं तशी बाजूला उभी असते. एक दिवस दारालगतच्या खाटेवरची बाई शस्त्रक्रियेला नेली. दुसऱ्या दिवशी तिची गादी बाहेर उन्हात टाकलेली दिसली. कुणी काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटली हेच नवल! त्या दिवशी मला पेज गेली नाही.

आणि प्रार्थना? मी खूप करत होते. तोंड चालूच होतं. पण मधे भोक पडलेल्या घागरीसारखी. कितीही ओतलं तरी खाली काही साचेना.

बिजा

माझ्या शेजारच्या खाटेवर एक धनगरीण आणून घातली. वयानं माझ्याहून लहान, अंगानं काटक. पायात काटा मोडला होता, तो आत कुजला आणि पाऊल काळं पडलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या तिनं मला विचारलं,

"मी बिजा. घोटावड्याकडची. तू कुटली?"

"मुळशीची."

"धरणातली व्हय? म्हंजी तू बुडालीस बी अन् फुगलीस बी!"

त्या दालनात गेल्या आठवड्यात कुणी हसलं नव्हतं. मी इतकी हसले की पोट दुखून डोळ्यांत पाणी आलं आणि सिस्टर धावत आली.

बिजाला शेळ्या-मेंढ्यांची काळजी होती. "पाय कापला तर मी शेळ्यांमागं कशी जाऊ? शेळ्या काय माज्यासाठी थांबत्यात व्हय?" दिवसातून कितीदा तरी ती हे म्हणायची. आधी चेष्टेनं, मग चेष्टा न करता. डॉक्टरीणबाईनं तिलाही खरं तेच सांगितलं होतं: आधी बोटं काढून बघू, आणि वर चढलं असेल तर पाऊल.

एका दुपारी तिनं मला म्हटलं, "सारू, तू सारखी व्हट हलीवतीस. तुमच्या द्येवाला काय म्हन्त्यात ते मला बी सांग. माज्या पायासाठी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आपल्याला येतं ते दुसऱ्याला सांगायला मिळालं की माणूस आपला आजारसुद्धा विसरतो. मी आमच्या रीतीनं तिला शिकवली. मी ओळ टाकायची, ती उचलायची. धनगरी गळा तिचा, लांब हेल काढून म्हणायची. दोन दिवसांत तिची पाठ झाली. तिनं ती तिच्याच बोलीत बसवून टाकली. तिसऱ्या दिवशी तिनं मला म्हणून दाखवली,

"बापा, वर आभाळात हायस तू. तुजं नाव मोटं असू दे. तुजं राज येऊ दे. आजच्यापुरती भाकर दे. आमचं चुकलंमाकलं पोटात घाल, जसं आमी दुसऱ्याचं घालतू. वाइटापासून वाचीव."

मी म्हटलं, छान. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. आणि म्हणाली,

"लई ग्वाड हाय. पर एक सांग. भाकर दे, पोटात घाल, वाचीव. सगळं आपलंच मागणं. तुजं राज येऊ दे म्हन्तीस, अन् राजाला काय पायजे त्ये कुटं इचारलं?"

मी चादरीची घडी सारखी करत राहिले.

"आमी बिरोबाफुडं कौल लावतू तवा आदी त्येला इचारतू, द्येवा, तुज्या मनात काय हाय? उजवा दिला तर उजवा, डावा दिला तर डावा. तुमी इचारतच न्हाई व्हय?"

"विचारतो," मी म्हटलं.

"मग त्ये कुटं गेलं?"

मी भिंतीकडं तोंड केलं. मी तिला माझी भीती शिकवली होती, बाई. ती ओळ मी गिळली होती आणि त्या बिचारीच्या प्रार्थनेतही त्या जागी भोकच पडलं होतं. तिच्या गळ्यातून ते भोक मला स्पष्ट ऐकू आलं. माझ्या स्वतःच्या तोंडून इतके दिवस आलं नव्हतं.

बिजा मागून म्हणत होती, "रागावलीस व्हय? बापच म्हन्ता ना त्येला? बापाला काय वाटतं ते इचारायला कसलं भ्या?"

बाप

मग मी पडून राहिले आणि प्रार्थनेच्या पहिल्याच शब्दाशी थांबले. एरवी त्या शब्दावरून मी उडी मारून पुढं जात असे. आज पुढं काहीच म्हटलं नाही.

बाप म्हटल्यावर मला माझा बाप दिसला. मी लहान असताना आंब्यावरून पडले आणि खांद्यातून हात निखळला. हाड बसवणारा म्हातारा आला. त्यानं बापाला सांगितलं, पोरीला घट्ट धर. बापानं मला छातीशी आवळलं. म्हाताऱ्यानं हात ओढला. मी बापाच्या खांद्याला कडकडून चावले. तो ओरडला नाही, त्यानं मला सोडलंही नाही. हात बसला. त्याच्या खांद्यावर माझ्या दातांचे वण शेवटपर्यंत होते, आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "ही आमच्या सारूची सही," म्हणायचा.

त्या दिवशी इच्छा त्याचीच चालली होती, माझी नाही. पण त्याच्या हातात खुंटी नव्हती. त्याच्या हातात मी होते.

हे सुचलं म्हणून भीती गेली असं मी लिहिलं, तर ते खोटं होईल. मला हेही ठाऊक होतं की बापानं धरून ठेवलेली पोरंसुद्धा कधीकधी मरतात. आमची एक मुलगी तशीच गेली, धन्यांच्या मांडीवर. तेव्हा हिशेब काही जुळला नाही. एवढंच झालं की मला वाटलं, देवाच्या खांद्याला दात लावायला हरकत नसावी.

नेलं तो दिवस

बिजाला आणि मला एकाच दिवशी न्यायचं होतं. आधी ती. तिला चाकाच्या खाटेवर घातलं तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती आपली हेल काढून म्हणत होती, बापा, वर आभाळात हायस तू. तुजं राज येऊ दे. आजच्यापुरती भाकर दे...

"बिजा, थांब!" मी ओरडले. सिस्टर दचकून थांबली. "मधली एक ओळ राहिलीय. मी तुला सांगितली नव्हती."

"आता सांगतीस व्हय!"

"म्हण. तुझ्या मनात असेल ते होऊ दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. "अन् त्येच्या मनात पाय कापायचं असलं तर?"

आता काय सांगायचं? पाळकसाहेबांनी काहीतरी नीट सांगितलं असतं. मला येईना. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही गं. मलाही म्हणवत नव्हती ती. भीती वाटते म्हणून सांगितली नाही."

"लई भ्या वाटतंय," ती म्हणाली.

"मग तेही म्हण. आधी तेच म्हण. प्रभूसुद्धा, त्याला धरायला माणसं यायच्या आधी, बागेत गुडघ्यावर पडून घाबरला होता. हे टळेल का, असं त्यानं आधी बापाला विचारलं आणि मग ती ओळ म्हटली."

बिजानं खाटेची कड धरली. मग हेल न काढता, शेजारणीला सांगावं तशी म्हणाली, "बापा, मला भ्या वाटतंय. पाय ऱ्हाऊ दे. मग तुज्या मनात असंल ते." आणि सिस्टरला म्हणाली, "चल आता, ढकल. न्हाई तर ही आणि काय तरी आठवून काढील."

मग माझी पाळी. आत डॉक्टरीणबाई तोंडावर फडकं बांधून उभी. काल तिनं माझ्या पोटावर शाईनं रेघ ओढली होती, कापायची जागा. ती रेघ बघून मला पुन्हा शेतातला चुना आठवला आणि पाय थडथड उडायला लागले. इतके की सिस्टरनं ते दोन्ही हातांनी दाबून धरले. डॉक्टरीणबाईची रीत होती, हात घालण्याआधी ती प्रार्थना करायची. तिनं डोळे मिटले. मी म्हटलं,

"बाई, आज मी म्हणू?"

"म्हणा," ती म्हणाली.

मी आमच्या ठेक्यात सुरुवात केली आणि लगेच सोडून दिली. ठेका धरला की जीभ पळते. सावकाश म्हटलं. बाप म्हटलं आणि थांबले. राज्याचं म्हटलं आणि थांबले. मग ती ओळ आली.

"बापा," मी म्हटलं, "मला जगायचंय. धन्यांना भाकरी थापता येत न्हाई. पारूबाईशी माझं भांडण अर्धं राहिलंय. मला ह्या रेघेची लई भीती वाटते. हे माझं झालं. आता तुझी इच्छा असेल ती चालू दे. इथं. ह्या पोटावर." आवाज फुटला, पण ओळ पुरी झाली.

डॉक्टरीणबाई आमेन म्हणाली. तिच्याही आवाजाला काहीतरी झालं होतं. मग नाकावर गोडसर वासाचं फडकं आलं. माझे पाय तेव्हाही उडतच होते.

नंतर

शुद्धीवर आले ती तहानेनं. पाणी देत नव्हते, ओल्या कापसानं ओठ पुसायचे. तो कापूस म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली मेजवानी. गाठ निघाली होती. केवढी ते मी विचारलं नाही. पारूबाईनं मात्र नंतर विचारलं आणि मनानंच उत्तर धरून सगळ्या वाडीला भोपळ्याएवढी म्हणून सांगितलं.

बिजाची बोटं गेली, पाऊल राहिलं. महिनाभरात ती काठी टेकत निघाली. जाताना म्हणाली, "तुजी ती ओळ मी बिरोबाफुडं बी म्हननार हाय. चालंल ना त्येला?" मी म्हटलं, तू विचार त्याला. ती हसत गेली. तिचं पाऊल वाचलं ते त्या ओळीमुळं, असं मी कुणाला सांगत नाही. दारालगतच्या खाटेवरची बाईसुद्धा सिस्टरच्या मागून ती ओळ रोज म्हणत होती. मी माझ्या कानांनी ऐकली होती. तिची गादी उन्हात गेलीच. हे मला अजून सुटलेलं नाही आणि सुटल्यासारखं दाखवून तुला फसवणार नाही.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाली, "वर्षातून दोनदा दाखवायला या. पुन्हा होणार नाही असे मी सांगू शकत नाही." तेव्हा भीती माझ्याबरोबरच गाडीत बसून घरी आली. आजही आहे. पोटात जरा कळ आली की हात तिथं जातो.

परतीच्या वाटेवर, पौड मागं पडल्यावर, धनी बैलांकडं बघतच म्हणाले, "त्या दिवशी मधली ओळ तू टाकली न्हाईस."

"तुम्हीपण पुढं गेलात की."

"मला बी म्हनवंना," ते म्हणाले. "तू न्हाई टाकलीस, तवा बरंच वाटलं मला. रोज भिंतीवर जाताना एकटा म्हनून बघायचो. तितवर आलो की छिन्नी-हातोडा हातात घ्यायचो आन् कामाला लागायचो." त्यांनी कासरा सैल सोडला. "अजून बी म्हनवत न्हाई, सारू."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. उन्हानं तापलेली होती.

आता खालचं शेत पाण्यात आहे. खुंट्याही पाण्यात आहेत. उपासना अजून आमच्या पडवीत होते, पुढं मीच असते. जात्याचा ठेका मात्र सोडला. एकेक शब्द सावकाश, आपण काय म्हणतोय ते ऐकू येईल असा. काही जणांना कंटाळा येतो. पारूबाई भिंतीपलीकडून म्हणते, "तुमचा द्येव झोपंल की गं तोवर!"

घरी परतल्यावरच्या पहिल्या रविवारी ती ओळ आली आणि मी थांबले. पोटावर हात गेला होता. पडवीत सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. कुणीतरी मागून कुजबुजलं, आत्याबाई इसरल्या वाटतं. दुसरं कुणी ओळ सांगायला निघालं. पुढची भाकरीची ओळ धन्यांच्या तोंडाशी आलेली मला दिसली. पण त्यांनी ती गिळली आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"दम धरा," ते म्हणाले. "येतीया ती."

मी ती ओळ टाकली. ती उचलणाऱ्यांत त्यांचा आवाज सगळ्यात शेवटी आला, पण आला.